कथा घेतली म्हणाले, पेढे कधी वाटू?

प्रश्न: मी देवगड तालुक्यातल्या एका गावात राहते. घरच्या आंबाकलमांचं काम सांभाळून बरीच वर्षं लिहिते आहे, पण छापून काही आलं नव्हतं. परवा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, ‘कथा आवडली. यंदाच्या अंकात घेत आहोत.’ बस, एवढंच. चतुर्थी तोंडावर आली आहे, मुंबईहून सगळे येतील. नणंद म्हणते, आजच फेसबुकवर टाक. भाचा म्हणतो, मामी, गणपतीसमोर कथा वाच, मी रेकॉर्ड करून यूट्यूबला चढवतो. वाचनालयवाले सत्काराची तारीख विचारताहेत. यजमानांचं म्हणणं, अंक हातात येईपर्यंत कोणाला सांगू नको, नाही आली तर हसं होईल. त्यात एक भानगड आहे. हीच कथा मी जूनमध्ये आणखी एका मासिकाला पाठवली होती, त्यांचं उत्तर अजून नाही. मानधनाचं विचारलं तर संपादक रागावतील का? कथेतले संवाद मालवणीत आहेत, त्याचं काय होईल तीही धाकधूक आहे. (नाव छापू नये.)

उत्तर: ताई, अभिनंदन. पेढे आजच आणा, घरापुरते. कथेचा कच्चा खर्डा ज्यांनी वाचला असेल त्यांना आजच फोन करा. ओळखदेख नसलेल्या संपादकाने आलेल्या ढिगातून तुमची कथा निवडली, ही गोष्ट अंक निघो न निघो, घडून गेली आहे. तेव्हा ‘कोणाला सांगू नको’ हे यजमानांचं म्हणणं आम्हाला पटत नाही. मात्र त्यांची शंका अगदीच पोकळ नाही. आंब्याची पेटी वाशीच्या बाजारात गेली म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आली असं होत नाही, हे तुमच्या घरात वेगळं सांगायला नको.

स्वीकारलेली कथा मागे पडते कशी, ते आधी पाहा. अंक आठ किंवा सोळा पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटांत, छापला जातो, त्यामुळे दोन-चार पानं सहज वाढवता येत नाहीत. जाहिराती अगदी शेवटच्या आठवड्यात येतात, आणि आलेली जाहिरात कोणी परत करत नाही. दोन स्तंभांच्या पानावर साधारण पाचशे ते सहाशे शब्द बसतात. म्हणजे तीन हजार शब्दांच्या कथेला चित्रासकट सहा-सात पानं लागतात. जागा कमी पडली की नव्या लेखकाची लांब कथा आधी बाजूला होते. कथेत खोट असते म्हणून नव्हे, ती पुढच्या अंकापर्यंत थांबवली तर तक्रार करणारं कोणी नसतं म्हणून. म्हणून गावभर जाहीर करायचं ते अंकाचं मुखपृष्ठ किंवा अनुक्रमणिका बाहेर आल्यावर. तोवर बातमी घरात, मैत्रिणींत, वाचनालयात तोंडी सांगा. कथा मात्र कोणाला देऊ नका. बातमी तुमची आहे, पण कथा पहिल्यांदा छापण्याचा मान आता त्या अंकाला दिलेला आहे. नणंद, भाचा, वाचनालय, सगळ्यांची उत्तरं यातूनच निघतात.

पण त्याआधी भानगड निस्तरा, आणि तीही आज. दुसऱ्या मासिकाला कळवा: ‘“अमुक” ही कथा मी जूनमध्ये आपल्याकडे पाठवली होती. ती अन्यत्र स्वीकारली गेल्याने आपल्याकडून मागे घेत आहे. पोच द्यावी, ही विनंती.’ एवढंच. दिलगिरीचे परिच्छेद नकोत, कोणत्या अंकाने घेतली तेही नको. ज्या ईमेलवर कथा पाठवली होती त्याच ईमेलला उत्तर म्हणून हे पाठवा, म्हणजे त्यांना शोधावं लागणार नाही, आणि दोन दिवसांत पोच आली नाही तर फोन करा. गप्प राहून ‘तिकडून काही आलंच नाही तर कशाला सांगा’ असा विचार मनात येईल, पण तो धोक्याचा आहे. मासिकं न कळवताही कथा पानांच्या जुळवणीला देतात. एकाच दिवाळीत एकच कथा दोन अंकांत आली तर दोन्ही अंक वाचनालयाच्या एकाच टेबलावर पडतात आणि दोन्ही संपादकांची दारं तुम्हाला बंद होतात. समजा त्यांनी ‘आम्हीही घेतली होती’ असं कळवलं, तर ज्यांचा होकार आधी आला त्यांची कथा. दुसऱ्यांना नवी, पूर्ण झालेली कथा असेल तरच देऊ करा. अर्धवट काहीतरी घाईने पूर्ण करून भरपाई करू नका. यापुढे एक साधी वही ठेवा: कथेचं नाव, कुठे पाठवली, तारीख, उत्तर. उत्तर येईपर्यंत ती कथा दुसरीकडे पाठवायची नाही.

आता संपादकांना उत्तर. ‘धन्यवाद सर’ आणि हात जोडलेलं चित्र एवढं पुरेसं नाही. पुढचा मजकूर तुमच्या शब्दांत लिहा, पण यातली एकही गोष्ट गाळू नका:

‘सप्रेम नमस्कार. कथा स्वीकारल्याबद्दल मनापासून आभार. ही कथा पूर्वी कुठेही, समाजमाध्यमांवरही, प्रसिद्ध झालेली नाही. यंदाच्या दिवाळी अंकात ती एकदा छापण्यास माझी संमती आहे. इतर सर्व हक्क माझ्याकडे राहतील. काही कारणाने ती या अंकात येऊ शकली नाही तर कृपया कळवावं, ३१ डिसेंबरनंतर मी ती अन्यत्र पाठवेन. शीर्षक, शेवट किंवा मालवणी संवाद यांत बदल करायचा झाल्यास आधी विचारावं. छपाईपूर्वी प्रूफ पाहायला मिळालं तर बरं होईल. अंकाची ई-आवृत्ती निघते का? मानधनाची आपली पद्धत काय आहे आणि बँकेचा तपशील कधी पाठवू? माझं नाव असं छापावं: …’

हे ईमेलवर पाठवा आणि व्हॉट्सॲपवर ‘ईमेल केली आहे’ एवढंच लिहा. फोन बदलला की व्हॉट्सॲपवरचे जुने निरोप जाऊ शकतात. संपादकांच्या त्या निरोपाचा स्क्रीनशॉटही स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

हक्कांचं वाक्य वाचून संपादक दचकतील असं वाटेल, पण त्यात गैर काहीच नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याप्रमाणे कथा लिहिली त्या क्षणापासून तिचा हक्क लेखिकेचा. नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतात. व्हॉट्सॲपवरच्या दोन ओळींनी तुम्ही कथा विकलेली नाही, छापायला दिली आहे. उद्या कोणी एकांकिका करायला मागितली, कोणी कन्नड अनुवाद करायचा म्हटलं, तर ते तुम्हालाच विचारायला हवं. उलट कोणी छापील अर्ज पाठवला आणि त्यात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द असले, तर सही करण्याआधी ‘या अंकापुरते’ अशी दुरुस्ती मागा. बहुतेक वेळा तो अर्ज कुठून तरी उतरवलेला असतो आणि दुरुस्ती मिळते.

मानधनाने कोणी रागावत नाही. रागावलेच तर तेही कळलेलं बरं. प्रश्न ‘किती देणार?’ असा न विचारता ‘आपली पद्धत काय?’ असा विचारावा. मोठे अंक देतात, छोटे अंक अनेकदा फक्त लेखकाची प्रत देतात. पहिली कथा प्रतीवर द्यायला हरकत नाही, पण ते आधी माहीत असावं. मात्र ‘छापण्यासाठी सहकार्य निधी’ किंवा ‘पंचवीस प्रती घ्याव्या लागतील’ असं उत्तर आलं, तर त्याला स्वीकार म्हणत नाहीत. नम्रपणे कथा मागे घ्या आणि वहीत त्या नावापुढे फुली मारा.

चतुर्थीकडे वळू. घरातल्या वीस-तीस माणसांसमोर वाचायला काहीच आडकाठी नाही, घरचं वाचन म्हणजे प्रकाशन नव्हे. पण फोन खाली ठेवायला सांगा, आणि हे भाच्यालाच सांगायला लावा, म्हणजे तोच पहारा देईल. यूट्यूबवर चढलेली, फेसबुकवर टाकलेली किंवा कुटुंबाच्या ग्रुपवर ध्वनिफीत म्हणून फिरलेली कथा ‘अप्रकाशित’ राहत नाही, आणि तुम्ही संपादकांना तसं लिहून दिलेलं असेल. अंक बाजारात असेपर्यंत, म्हणजे निदान गुढीपाडव्यापर्यंत, थांबा. मग संपादकांना एक ओळ लिहून भाच्याला मोकळं सोडा.

वाचायचं तर किती? मोठ्याने वाचताना मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द होतात. तीन हजार शब्दांना वीस-पंचवीस मिनिटं लागतील. आरती झालेली, भजनाची मंडळी दारात, पोरं मोदकांवर डोळा ठेवून. पहिले आठशे शब्द वाचा, सहा-सात मिनिटांत उरका, आणि जिथे पुढे काय होतं याची उत्सुकता असेल तिथे थांबा. शेवट अंकात वाचू दे त्यांना.

वाचण्याआधी आणखी एक तपासा. कथेत भाऊबंदकी, सातबारा, कुळाची जमीन, परड्यातली वाट असं काही असेल (आणि आपल्याकडच्या कथेत ते बहुधा असतंच), तर समोर बसलेल्यांपैकी कोणी स्वतःला ओळखेल का? वाडीचं नाव, आडनाव, एखादी लकब खरी राहून गेली असेल तर ती आताच बदला, संपादकांकडे दुरुस्त प्रत जाऊ द्या. नाव बदलताना ‘शोधा आणि बदला’ ही सोय डोळे मिटून वापरू नका. ‘सदा’ हे नाव ‘बाबू’ केलंत की ‘सदाशिव’चा ‘बाबूशिव’ होतो आणि ‘सदानकदा’चं ‘बाबूनकदा’. विभक्ती लागलेली रूपंही हाताने पाहावी लागतात. ‘तात्या’चा ‘भाई’ केला तर ‘तात्याने’ आपोआप ‘भाईने’ होईल, पण ‘तात्यांनो’, ‘तात्यानू’ अशी हाक मारलेली असेल तिथे काय शोभतं ते तुम्हीच ठरवायचं.

फेसबुकवर आज टाकायचंच असेल तर एवढं पुरे: ‘माझी एक कथा यंदाच्या दिवाळी अंकासाठी स्वीकारली गेली आहे.’ अंकाचं नाव संपादकांनी जाहीर करेपर्यंत नको. त्यांच्या खासगी निरोपाचा फोटो तर मुळीच नको.

प्रूफाकडे, म्हणजे छपाईआधी तपासायला येणाऱ्या पानांकडे, मात्र नीट लक्ष द्या. पहिल्या कथेचा आनंद नासतो तो इथेच.

दिवाळी अंकांची प्रूफं बहुधा गणपती ते नवरात्र या काळात येतात आणि ‘उद्या संध्याकाळपर्यंत कळवा’ असं म्हणत येतात. तेव्हा तुमच्या घरी पाहुणे, पावसाने वीज गेलेली, रेंज अंगणातल्या एकाच कोपऱ्यात. म्हणून संपादकांना आधीच सांगून ठेवा की गौरी-गणपती विसर्जनापर्यंत निरोप पाहायला उशीर होईल, तातडीचं असल्यास फोन करावा. घरच्या कोणाचा तरी दुसरा नंबरही द्या.

प्रूफ मोबाइलवर वाचू नका. तालुक्याच्या गावी जाऊन पीडीएफ कागदावर काढून आणा. वाचन दोनदा करायचं. पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला मूळ प्रत मोठ्याने वाचायला लावा, विरामचिन्हांसकट, आणि तुम्ही छापील पानावर बोट ठेवून जुळवा. एकट्याने वाचलं की डोळा तिथे असायला हवं तेच वाचतो, असलेलं नाही. दुसऱ्यांदा फक्त पानं बघा: नाव बरोबर आहे का, शीर्षक तेच आहे का, एका पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ जुळते का, ‘पुढील मजकूर पान अमुक’ असं असेल तर त्या पानावर खरंच तुमचीच कथा आहे का, आणि शेवटची ओळ जागेवर आहे का. कथेचा शेवट चौकटीबाहेर राहून कापला जाणं ही ऐकीव गोष्ट नाही. प्रसंग बदलताना सोडलेली मोकळी ओळ तर हमखास गायब होते आणि रात्रीचा प्रसंग सकाळच्या अंगावर येतो. तिथे फुली किंवा तीन ठिपके मागून घ्या.

अक्षरांच्या चुका येतात कुठून? तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेलं असतं. पानं जुळवणारे अनेक जण अजूनही श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरतात. मजकूर एकातून दुसऱ्यात बदलताना काही अक्षरं ठरलेल्या जागी मोडतात, आणि सगळ्यात जास्त मोडतो तो ‘ऱ्य’. कोकणातल्या कथेला हा शापच आहे. ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं, ‘किनाऱ्याला’चं ‘किनार्याला’, आणि ‘दऱ्या’चा थेट ‘दर्या’. डोंगरातली माणसं समुद्रात जातात आणि शब्द शुद्धच दिसतो म्हणून मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटतो. तसाच ‘ॲ’. ‘बॅटरी’ शाबूत राहते, ‘ॲटॅक’ मोडतो. दुहेरी अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. श्र, द्ध, ह्म, ट्ट ही जोडाक्षरंही बघा. मूळ प्रतीत हे शब्द आधीच शोधून खूण करून ठेवलेत तर प्रूफ आल्यावर तासाभराचं काम होईल.

मालवणी संवादांची धाकधूक रास्त आहे. मुद्रितशोधक खोडसाळ नसतो, पण तो पुण्या-मुंबईचा असला तर ‘मी जातंय’ ही त्याला लिंगाची चूक वाटते आणि तो ‘मी जातेय’ करून टाकतो. ‘मी इलंय’चं ‘मी आलेय’ होतं. ‘तां’, ‘ह्यां’ यांचे अनुस्वार उडतात, ‘खंय’चं ‘काय’ होतं आणि प्रश्नच बदलतो. यावर उपाय म्हणजे कथेसोबत अर्ध्या पानाचं टिपण: ‘अवतरणचिन्हांतला मजकूर मालवणीत आहे, त्याला प्रमाणलेखनाचे नियम लावू नयेत. मी जातंय, मी इलंय ही रूपं बरोबर आहेत. माका, तुका, खंय, हय, थंय, कित्याक, आसा हे शब्द जसेच्या तसे ठेवावेत.’ हे टिपण संपादकांच्या ईमेलला जोडा आणि मजकुराच्या फाइलच्या पहिल्या पानावरही टाका. संपादकांची ईमेल जुळवणाऱ्यापर्यंत पोचत नाही, फाइल पोचते.

पण मग तुम्हीही एकवाक्यता ठेवायला हवी. एका पानावर ‘तां’ आणि पुढच्या पानावर ‘ता’, आजीच्या तोंडी ‘हयसर’ आणि लगेच ‘इथं’, असं असलं की शोधकाने दोन्ही सुधारले तर त्याला बोल लावता येत नाही. मुंबईत वाढलेलं पात्र मिश्र बोलत असेल तर तेही टिपणात लिहा. तळटीपांत शब्दार्थ देण्याच्या फंदात पडू नका. संदर्भावरून न कळणारे एक-दोन शब्द असतील तर शेजारच्या वाक्यातच अर्थ उमगेल अशी सोय करा.

दुरुस्त्या कळवायच्या त्या अशा: ‘पान ८७, स्तंभ २, वरून ओळ १४. छापलं आहे: दर्यांतून. हवं: दऱ्यांतून.’ प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या ओळीत, क्रमांक घालून. पानाचे फोटो आणि त्यावर लाल गोल पाठवले तर निम्म्या दुरुस्त्या राहतात. प्रूफात कथा सुधारायला बसू नका. एक परिच्छेद वाढला की पुढची सगळी पानं सरकतात आणि संपादक पुढच्या वर्षी प्रूफ पाठवतच नाहीत. चूक दुरुस्त करा, नवी उपमा सुचली तर ती पुढच्या कथेला.

जाता जाता चित्राचं. चित्रकाराला अनेकदा कथेचा सारांशच मिळतो. तुमच्या कथेत होडी असेल आणि तिला उलांडी (तोल सांभाळायला बाजूला बांधलेलं लाकूड) असणं महत्त्वाचं असेल, तर स्वतः काढलेला एक फोटो आत्ताच पाठवा. नाहीतर छापून येईल तो काश्मिरातला शिकारा.

सत्काराला ‘हो’ म्हणा, पण तारीख अंक आल्यानंतरची, आणि अंक टपालाने उशिरा येतो हे धरून दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी. कोकणातल्या वाचनालयांना लेखकांचं अप्रूप आहे, ते असू द्यावं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं आहे, आणि मराठीतला दिवाळी अंक १९०९ साली सुरू करणारे ‘मनोरंजन’चे काशीनाथ रघुनाथ मित्र मूळचे सावंतवाडी तालुक्यातल्या आजगावचे. शाल-श्रीफळापेक्षा दहा मिनिटं वाचन आणि वीस मिनिटं प्रश्नोत्तरं मागा. दिवाळी अंक योजनेत वाचनालय तो अंक घेणार असेल तर त्याच दिवशी सभासदांसाठी तो टेबलावर ठेवायला सांगा. तालुक्यात कोकण मराठी साहित्य परिषदेची शाखा असली तर त्यांनाही बोलवा. पुढच्या कथेचा कच्चा खर्डा वाचून तोंडावर खरं सांगणारी माणसं अशाच ठिकाणी भेटतात.

लेखकाची प्रत बहुधा एकच येते. तीन-चार जास्तीच्या प्रती आताच सांगून ठेवा, छोटे अंक संपले की संपले. पत्ता देताना वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि मोबाइल नंबर, सगळं. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात आणि प्रत फिरत राहते. एक प्रत कोणालाही न देता ठेवा. कोरड्या हवेत, डिसेंबर-जानेवारीत, एखादा दिवस सावलीत उघडी ठेवून मग झिपच्या पिशवीत बंद करा आणि लाकडी फळीऐवजी पत्र्याच्या पेटीत ठेवा. पावसाळ्यात पिशवी बंद केली तर आतला दमटपणा आतच राहून बुरशी येते. कथेची पानं स्कॅन करून अंकाचं नाव, वर्ष आणि पान क्रमांक त्या फाइलच्याच नावात लिहा. पुढे कथासंग्रह करताना ‘पूर्वप्रसिद्धी’साठी हे लागतंच.

मानधन ठरलेलं असेल तर ते दिवाळीनंतर, जाहिरातींची वसुली झाल्यावर येतं. जानेवारीअखेरपर्यंत वाट पाहा. मग बँक खातं, आयएफएससी आणि पॅन पुन्हा देऊन लिहा, ‘दिवाळी अंकातील “अमुक” कथेचं मानधन अद्याप मिळालेलं नाही, कृपया पाहावं.’ महिन्याने आणखी एकदा. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली तर पुढची कथा दुसरीकडे पाठवा.